उन्हाची मोजणी

आमचे मेहुणे बँकेतून निवृत्त झाले आणि ऊन रंगवू लागले. निवृत्त माणसाने काय करावं याला पुण्यात धरबंध नाही. कोणी ज्ञानेश्वरीच्या वर्गाला जातं, कोणी सोसायटीच्या पार्किंगवरून निबंधकांकडे अर्ज करतं, कोणी सिंहगड चढतं आणि उरलेला आठवडा चढल्याचं सांगत फिरतं. मेहुण्यांनी तेलरंग घेतले. घरात बसून गुलाबाची फुलं काढली असती तर कोणाचीच हरकत नव्हती. पण त्यांना रस्त्यावरचं ऊन हवं होतं, तेही जागेवर उभं राहून, तेही कसबा पेठेतल्या गल्लीतलं, आणि तेही एप्रिलमधलं. "दादाला उन्हात एकट्याला सोडू नका, त्याला बीपी आहे," असं आमच्या घरातून फर्मान निघालं आणि मी छत्री धरायला लागलो.

छत्री धरणं हे वाटतं तितकं हलकं काम नाही. कॅनव्हास सावलीत ठेवावा लागतो. उन्हात धरलेल्या कॅनव्हासवर कुठलाही रंग झगझगतो, त्या भरवशावर माणूस गडद रंग लावत सुटतो, आणि घरी आणून ट्यूबलाइटखाली ठेवलं की चित्रात अमावास्या असते. म्हणून छत्री. सुरुवातीला मी हिची लाल छत्री नेली. कापडातून गुलाबी उजेड पाझरून कॅनव्हासवर पडला, त्यावर उतारा म्हणून मेहुणे प्रत्येक रंगात थोडा हिरवा घालत गेले, आणि घरी आल्यावर पाहतो तर सबंध गल्लीला शेवाळ धरलेलं. तेव्हापासून सासऱ्यांची काळी छत्री. ती उघडताना काडी डोळ्यात जाते, पण रंगाच्या बाबतीत तटस्थ आहे.

खरी अडचण निराळीच निघाली. मेहुण्यांचं ईझल लाकडी, तीन पायांचं, घडी होणारं. ते गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, मेहुण्यांनी एक डोळा मिटला, ब्रश हातभर अंतरावर उभा धरून समोरच्या वाड्याची उंची अंगठ्याने मापली, आणि दोन मिनिटांत वरच्या सज्जातून आवाज आला, "अहो, मोजणी आली!"

पेठेत राहणाऱ्या माणसाला तीन पायांचा स्टँड म्हणजे काय ते नीट ठाऊक असतं. त्यावर दुर्बीण बसते, मागे एकजण एक डोळा मिटून उभा असतो, दुसऱ्याच्या हातात काहीतरी असतं (माझ्या हातात छत्री होती), आणि मग काही महिन्यांनी भिंतीवर लाल रंगाची खूण येते. म्हणजे रस्तारुंदी, नाही तर बिल्डर. बनियनवरचे एक आजोबा लगबगीने खाली आले. त्यांनी चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "आमचं किती फूट जातंय?" एवढंच विचारलं.

"आजोबा, आम्ही चित्र काढतोय," मी म्हणालो.

"ते काढा हो. फूट किती?"

त्यात आजोबांची चूक नव्हती. आपल्याकडे जुन्या घराकडे कोणी दोन मिनिटांपेक्षा जास्त निरखून पाहतो तो ते पाडण्याआधीच. राहणारा माणूस घराकडे बघत नाही, त्याला किल्ली शोधायची असते. येणारा-जाणारा बघत नाही, त्याला वरून पडणारं पाणी चुकवायचं असतं. वळचणीखाली सावलीचा रंग काय आहे हे पाहायला कोणी सुट्टीच्या दिवशी सकाळी येऊन उभं राहील, यावर शहाण्या माणसाने विश्वास का ठेवावा?

जलरंग असते तर निभावलं असतं. महाराष्ट्राला निसर्गचित्रं म्हटली की जलरंगच माहीत. घाटावर, देवळाजवळ कोणीतरी मांडीवर कागद घेऊन बसलेला असतो, लोक जमेपर्यंत त्याचं आटोपतंही, कागद वाळला की पिशवीत घालून तो निघून जातो. तेलरंगाचं तसं नाही. तेलरंग म्हटला की लोकांना राजा रविवर्मा आठवतात, आणि रविवर्मा आठवले की लक्ष्मी आणि सरस्वती. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि मूळ तेलचित्रांच्या छापील प्रती घरोघर देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसल्या. तेव्हापासून तेलरंगात कमळ, हत्ती आणि सोन्याच्या काठाचं पातळ असावं अशी रीतसर अपेक्षा आहे. "एवढे भारी रंग घेऊन गटार कशाला रंगवता?" हा प्रश्न आम्हाला विचारणाऱ्या बाई मनापासून हळहळल्या होत्या. गटारावर ऊन पडलं होतं आणि ते खरोखर सुंदर दिसत होतं, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. रोज झाडणाऱ्याला असलं सांगायचं नसतं.

मुळात हे रंग रस्त्यावर आले ते एका नळीमुळे. पूर्वी चित्रकार कुटलेला रंग तेलात खलून डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत. टाचणीने भोक पाडून लागेल तेवढा काढायचा आणि भोक बुजवायचं. असला ऐवज घेऊन बाहेर कोण पडणार? १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या चेपता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि सगळा कारखाना खिशात मावू लागला. टूथपेस्ट ट्यूबमध्ये शिरली ती त्याच्या कितीतरी नंतर. म्हणजे आपण सकाळी दात घासतो ते चित्रकारांच्या कृपेने, आणि ट्यूब मधूनच दाबणाऱ्यांवरून घरात होणारी भांडणंही त्यांनाच लागू. मेहुणे ट्यूब मधूनच दाबतात. बँकेत त्यांची चोख म्हणून ख्याती होती.

ट्यूबमध्ये असतं ते रंगाची पूड आणि जवसाचं तेल. हो, ज्या जवसाची आपण चटणी करतो तेच. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, जाड थर असेल तर आठवडे, आणि वार्निश करायचं म्हटलं तर जुनी माणसं सहा महिने थांबायला सांगतात. मेहुण्यांनी हे सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर समजावून दिलं तेव्हा हिने विचारलं, "मग आपली चटणी कशी वाळत नाही?" मेहुण्यांनी उत्तर दिलं नाही. ती उरतच नाही, हे खरं कारण होतं.

तर एकीकडे हा आठवडा-आठवडा न वाळणारा रंग आणि दुसरीकडे सूर्य. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. अरुंद गल्लीत तर ऊन जेमतेम दीड-दोन तास जमिनीवर उतरतं. मेहुणे पन्हळीची सावली भिंतीवर आखून घेत, पॅलेटवर निळा, पिवडी आणि काव कालवत, मान वर करत, आणि तोवर सावली खिडकीच्या गजावर जाऊन बसलेली असे. मग ते सूर्यावर चिडत. मी त्यांना सुचवलं की सावली एकदा ठरवून टाकावी आणि नंतर भिंतीकडे बघूच नये. थोर चित्रकार हेच करतात असं पुढे त्यांनीच एका पुस्तकात वाचलं आणि मला सांगितलं, स्वतःचा शोध असल्याच्या थाटात.

उन्हाची गंमत अशी की ते रंगवताच येत नाही. समोरची भिंत चुन्याची, दहा वाजता तिच्यावर ऊन पडलं की डोळे दिपत. मेहुण्यांनी पांढऱ्या रंगाची अर्धी ट्यूब तिच्यावर संपवली. भिंत पांढरी झाली, ऊन काही पडेना. होळीला कपाटातून काढलेला जुना लेंगा दिसावा तशी ती दिसत होती. बाजारात मिळणारा सगळ्यात पांढरा रंगदेखील उन्हातल्या खऱ्या भिंतीपुढे काळवंडतो, कारण भिंतीवर सूर्य आहे आणि कॅनव्हासवर सासऱ्यांची छत्री. शेवटी वैतागून त्यांनी पांढरा सोडला आणि वळचणीखाली निळ्या-जांभळ्या रंगाचा एक जाड पट्टा ओढला. आणि काय सांगू, त्या पट्ट्याखाली भिंत भप्पकन उजळली. दरवाज्याच्या कोनाड्यात आणखी एक गडद फटकारा मारला तर ऊन उंबरठ्यापर्यंत आलं. छत्री धरणारा माणूस असूनही माझ्या अंगावर काटा आला.

"सावली जांभळी?" मागून आवाज आला. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, हातात बर्फाचा गोळा. "सावली काळी असते."

मेहुणे म्हणाले, "जा, भिंतीजवळ जाऊन बघ."

पोरगा गेला. सूर्य अडला की सावलीत उजेड येतो तो आभाळाचा, आणि आभाळ निळं, म्हणून पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर दिसते. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने भिंतीला नाक लावलं, मागे आला, गोळा चोखला आणि म्हणाला, "खालच्या बाजूला पिवळी पण आहे." होतीच. रस्त्यावर आपटून ऊन वर उडत होतं. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमधले भले भले समीक्षक जांभळ्या सावल्यांवरून चित्रकारांची टर उडवत होते. त्यांना कोणी भिंतीजवळ पाठवलं नाही, एवढाच फरक.

दुसरे एक गृहस्थ मोबाइल पुढे करून आले. "याचा फोटो घ्या. ॲप आहे, पाच सेकंदांत तेलरंग करून देतं." मेहुण्यांनी ॲपमधलं तेलचित्र पाहिलं, चांगलं आहे म्हणाले, आणि विचारलं, "यात छत्री धरायला माणूस मिळतो का?" मला ते लागलं, पण त्यात थोडा गौरवही होता.

सगळ्यात कडक समीक्षा झाली तांबट आळीत. तिथे अजून तांबं ठोकणारी मंडळी आहेत. बंब, घंगाळ, पिंप, पत्र्यावर हातोडीने एकेक ठोका ओळीने बसवत मठारकाम चाललेलं असतं आणि बोलायचं तर ठोक्यांच्या मधल्या फटीत बोलावं लागतं. एका दुकानाबाहेर तांब्याचं नवंकोरं पिंप उन्हात ठेवलं होतं. मेहुण्यांना दुसरं काही सुचेना. उन्हातलं तांबं तांबडं फार थोडं दिसतं. उन्हाचा तुकडा जवळजवळ पांढरा, आभाळाकडच्या बाजूला जांभळट राख, भिंतीकडे काळपट तपकिरी, आणि खरा तांब्याचा रंग मध्ये कुठेतरी बोटभर. प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात सूर्य निराळा. मेहुणे त्या खळग्यांत बुडून गेले.

तासाभराने ठोके थांबले. दुकानातले म्हातारे कारागीर बाहेर आले, हात पुसले, चित्रासमोर उभे राहिले. आता "छान" म्हणतील म्हणून मेहुणे नम्र चेहरा करून थांबले.

"रंग बरोबर आहे," ते म्हणाले. "बूड चुकलं."

"कसं?"

"तोंड वर आहे, डोळ्याजवळ. म्हणून चपटं दिसतं. बूड खाली आहे, तुम्ही त्याच्याकडे वरून बघताय. ते तोंडापेक्षा गोल दिसायला पाहिजे. तुम्ही सरळ काढलंय." मग किंचित थांबून, "हे पिंप खाली ठेवलं तर डुगडुगेल."

बुडाच्या त्या रेषेसाठी मेहुण्यांनी यथादर्शनावरची दोन महागडी पुस्तकं घेतली होती. कारागिरांनी हातातल्या खडूने पत्र्यावर एक वरची आणि एक खालची अशा दोन कडा काढून दाखवल्या आणि पुन्हा ठोकायला बसले. मेहुण्यांनी सुरीने बूड खरवडून नवं काढलं. तेलरंगाचा हा मोठा फायदा, न वाळल्यामुळे खरवडता येतो. म्हाताऱ्यांनी लांबूनच मान हलवली. ती मान मेहुण्यांनी आजवरच्या सगळ्या बढत्यांच्या वर ठेवली आहे.

पण चित्रकलेचा खरा कस लागतो तो वाड्याच्या मालकी हक्कात. मोजणीची भीती ओसरल्यावर आजोबा रोज येऊ लागले. ते भाडेकरू होते. वाड्याचा दावा कोर्टात होता, किती वर्षं ते विचारायची सोय नव्हती. एके दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "चित्रावर तारीख घालता का?"

"घालतो. सहीच्या खाली."

"मग घाला. आणि ती जिन्याजवळची भेग आहे ना, ती नीट दाखवा. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून आम्ही पहिल्यापासून सांगतोय. कोर्टात चित्र चालतं का हो?"

मेहुणे बँकेतले. त्यांनी चित्र पुरावा म्हणून चालतं की नाही यावर गंभीरपणे विचार केला आणि भेग रंगवली. ती तशीही छान होती, कडेला उन्हाची एक तिरीप होती. दुसऱ्या दिवशी मालक आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत फाइल. "ही भेग एवढी मोठी नाही," ते म्हणाले. "कोणी सांगितलं तुम्हाला मोठी काढायला?"

पुढचा अर्धा तास कलेच्या इतिहासात नोंद व्हावी असा होता. मालकांना चित्रात सावली कमी हवी होती, भाडेकरूंना जास्त. मालक म्हणत, वाडा हवेशीर आणि उजेडाचा आहे, हे दिसायला हवं. आजोबा म्हणत, दुपारी दोनला आमच्या खोलीत दिवा लावावा लागतो, तेवढा काळोख दाखवा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांच्या दाराची तुळस हवी होती. समोरच्या दुकानदाराला पाटी हवी होती, फोन नंबरसकट. विजेच्या तारा मेहुण्यांनी गाळल्या होत्या, त्यावर एकाने, "मग आमचे दिवे लागतात कसे?" असा बिनतोड प्रश्न टाकला. या सगळ्यात कोणालाही ऊन नको होतं. ते फुकट मिळतं म्हणून असेल.

बाहेरच्या देशांतल्या थोरांनी यावर खिडकीचा तोडगा काढला होता. कामी पिसारोला डोळ्यांचा विकार होता, वारा आणि धूळ सोसेना. १८९७ मध्ये त्याने पॅरिसमधल्या एका हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीतून खालचा बुलेव्हार्ड मोंमार्त्र ऊन, पाऊस, रात्र अशा सगळ्या अवस्थांत रंगवला. चौदा चित्रं झाली. मोनेने रुआंच्या कॅथीड्रलवरचं ऊन रंगवायला समोरच्या इमारतींत जागा मिळवल्या, त्यांतली एक बायकांच्या कपड्यांचं दुकान होती. गिऱ्हाइकांची कुचंबणा होऊ नये म्हणून तिथे त्याला आडोसा करून द्यावा लागला. लक्ष्मी रोडवर हे जमणार नाही, हे मी मेहुण्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

खिडकी नसली की रस्ता चित्रात शिरतो, अक्षरशः. मोनेच्या १८७० मधल्या त्रूव्हिलच्या समुद्रकिनाऱ्याच्या चित्रात वाळूचे कण चिकटलेले आहेत. व्हॅन गॉगच्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात, १८८९ मधल्या, एक नाकतोडा रुतलेला २०१७ मध्ये सापडला. मेहुण्यांच्या आकाशात तीन चिलटं, कडुनिंबाचा मोहर आणि समोरच्या घरात कांडप चाललेल्या मसाल्याची पूड आहे. आकाशाला त्यामुळे अस्सल पुणेरी ऊब आली असं त्यांचं म्हणणं. जवळ गेल्यावर शिंक येते हे माझं.

आणि हे सगळं ओलंच घरी न्यायचं. रिक्षात कॅनव्हास आडवा मावत नाही, उभा धरला तर रंग मीटरकडे, फिरवला तर माझ्या शर्टाकडे. एका रिक्षावाल्याने चित्राकडे पाहून, "साहेब, ही आमच्या मामाची गल्ली," म्हणून कौतुकाने बोट लावलं. वळचणीखालची ती सुंदर जांभळी सावली स्टिअरिंगवर गेली. मेहुण्यांनी डोळे मिटून घेतले. रिक्षावाल्याने भाड्यातले दहा रुपये सोडले, पुण्यात रिक्षावाल्याने स्वतःहून पैसे सोडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ते चित्र आता आमच्या हॉलमध्ये आहे, बोटाच्या ठशासकट. भेग मध्यम आकाराची आहे. दोन्ही पक्षांना ती मान्य नाही, म्हणजे बरोबर असावी. पाटीवर नंबर नाही, तुळस आहे, तारा नाहीत. वाडा अजून उभा आहे आणि दावाही.

तेव्हा पेठेतल्या मंडळींना माझी एक विनंती. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी दहाच्या सुमाराला तीन पायांचा स्टँड आणि काळी छत्री दिसली तर घाबरू नका, तुमचा एक इंचही कुठे जात नाही. स्कूटर नेमकी त्या माणसाच्या नजरेसमोर न लावता चार पावलं पुढे लावा. भेगेबद्दल काही म्हणणं असेल तर वकिलाला सांगा. आणि चहा करणारच असाल तर दोन कप करा. चित्रकाराला सगळेच विचारतात, छत्रीवाल्याला कोणी विचारत नाही.